यशवंतराव होळकरांची शेवटची वर्षं : सीमेवरून परतलेला माणूस बदलला असेल तर

यशवंतराव होळकरांचं नाव आपल्याला माहीत असतं ते हडपसरच्या लढाईमुळे, किंवा इंग्रज फौजेला पळवून लावणारे सरदार म्हणून. त्यांच्या आयुष्याची शेवटची पाच-सहा वर्षं मात्र फारशी कुणी सांगत नाही. त्या वर्षांत हा माणूस घरच्यांना ओळखू येईनासा झाला. आधी कामाचं वेड, मग भडकणारा राग आणि वाढत गेलेली दारू, पुढे विसर, आणि शेवटी जवळपास तीन वर्षं तोंडातून शब्द नाही. वयाची पस्तिशीही पूर्ण झाली नव्हती.

तुमचे पती लष्करात किंवा निमलष्करी दलात असतील, काश्मीर, ईशान्य भारत, छत्तीसगड किंवा गडचिरोलीतल्या ड्युटीवरून परतले असतील, आणि ‘हे आधी असे नव्हते’ हे वाक्य तुमच्या मनात वारंवार येत असेल, तर यशवंतरावांची हकीकत तुम्ही वाचावी. त्यांना नेमका कोणता आजार होता, हे दोनशे वर्षांनंतर कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या घरात काय दिसत होतं, कुणी काय केलं आणि काय करता आलं नाही, यातून तुमच्या उपयोगाचं बरंच आहे.

यशवंतरावांचा जन्म १७७६ चा, पुणे जिल्ह्यातल्या वाफगावचा. तुकोजीराव होळकरांचा हा मुलगा. १७९७ मध्ये वडील वारले आणि गादीवरून भांडण पेटलं. त्याच वर्षी दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात भाऊ मल्हाररावांना ठार केलं. यशवंतराव निसटले आणि आश्रयाला आले ते आपल्या भागात, नागपूरला. तेव्हा भंडारा नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होता. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी आधी त्यांना ठेवून घेतलं, पण १७९८ च्या सुरुवातीला शिंद्यांच्या सांगण्यावरून कैदेत टाकलं. दीड-दोन महिन्यांत ते तिथून पळाले. विशीतला तरुण, भाऊ मारला गेलेला, आणि ज्याच्या भरवशावर आला त्यानेच पकडून ठेवलेलं.

पुढची आठ वर्षं म्हणजे सलग मोहीम. १८०१ मध्ये दुसऱ्या भावाला, विठोजींना, दुसऱ्या बाजीरावाच्या हुकुमाने पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आलं. त्याच वर्षी उज्जैनला शिंद्यांवर विजय आणि तीन महिन्यांत इंदूरला पराभव. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पाडाव. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनच्या इंग्रज पलटणींना मुकुंदरा खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळलं. लगेच दिल्लीला वेढा, मग नोव्हेंबरमध्ये डीग आणि फर्रुखाबाद इथे मार, नंतर भरतपूर, तिथून पंजाब. मध्येच कधीतरी बंदूक फुटून एक डोळा गेला होता. २४ डिसेंबर १८०५ ला बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला आणि लढाई थांबली.

एक डॉक्टर म्हणून मी या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. दोन भावांचे हिंसक मृत्यू, कैद, विश्वासघात, शरीराला कायमची इजा, शेकडो मरणं डोळ्यांसमोर, आणि आठ वर्षांत घर असं नाही. आज एखाद्या जवानाने ओपीडीत एवढं सांगितलं तर मी पेन खाली ठेवून आधी पूर्ण ऐकून घेईन.

१८०६ नंतर यशवंतराव माळव्यात, भानपुऱ्याला राहिले. हे गाव आज मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यात आहे, तिथे त्यांची छत्रीही आहे. इंग्रजांशी पुन्हा भिडायचं तर तोफा हव्यात, म्हणून त्यांनी तिथे तोफांचा कारखाना काढला. भंडाऱ्याच्या लोकांना पितळेच्या भट्टीजवळ उभं राहणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. इथे तर राज्याचा धनी स्वतः भट्टीपाशी उभा राहून धातू ओतत होता, रात्रंदिवस, आणि हाताखालच्या माणसांनाही उसंत नव्हती. फौजेची नवी शिस्त, नवी कवायत, सगळं आत्ताच हवं. थोडा उशीर झाला तर संताप. दारू पूर्वीही होती, ती आता फार वाढली.

या काळाची सगळ्यात तपशीलवार हकीकत जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याची आहे. होळकरांविरुद्धच्या महिदपूरच्या लढाईत तो स्वतः होता, नंतर माळव्याचा कारभार पाहताना त्याने लोकांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये ती छापली. म्हणजे ही शत्रूची साक्ष आहे. यशवंतरावांच्या स्वभावावर त्याने मारलेले शेरे मी बाजूला ठेवतो, पण त्याने नोंदवलेल्या लक्षणांचा क्रम मनोविकारतज्ज्ञाच्या ओळखीचा आहे, आणि तो क्रम तरी रचलेला वाटत नाही.

माझ्या दृष्टीने पहिली दोन वर्षं सगळ्यात महत्त्वाची. तोफा ओतणारा राजा दरबाऱ्यांना आजारी वाटला नसणार, जिद्दी वाटला असणार. घरोघरी हेच होतं. सुट्टीवर आलेला जवान पहाटे तीनला उठून अंगण झाडतो, गोठा साफ करतो, धान्याची पोती दहादा मोजतो, रात्री चार वेळा दाराची कडी तपासतो. सासूबाई म्हणतात, फौजेत राहून पोरगा कामाचा झाला. तुम्हाला मात्र ठाऊक असतं की तो झोपतच नाही. लग्नाला जायचं टाळतो, बँडचा आवाज झाला की घाम फुटतो, मुलाच्या हातून ताट पडलं तर अंगावर धावतो आणि नंतर तासभर कुणाशी बोलत नाही. बाजारात गेलात तर भिंतीला पाठ लावून उभा राहतो. पूर्वी ज्या गोष्टीवर हसायचा त्यावर आता हसू येत नाही. तुमच्याबद्दल प्रेम उरलं नाही, असा याचा अर्थ लगेच काढू नका. धोक्याच्या जागी महिनोन्‌महिने सावध राहिलेला मेंदू घरी आल्यावर आपोआप सैल पडत नाही. त्या सावधपणानेच तिथे त्याचा जीव वाचवलेला असतो.

हे सगळं महिन्यापेक्षा जास्त टिकलं, वाईट स्वप्नं किंवा ती घटना पुन्हा घडते आहे असे झटके येऊ लागले, आणि त्यामुळे काम, नातं, झोप बिघडली, तर डॉक्टर पीटीएसडी या आजाराचा विचार करतात. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात अधिकृतपणे आलं १९८० मध्ये. पहिल्या महायुद्धात अशाच सैनिकांना ‘शेल शॉक’ झाला असं म्हणत. यशवंतरावांच्या वेळी कुठलंच नाव नव्हतं. नाव नसलं की लोक स्वभावाला दोष देतात, नाहीतर बाहेरची बाधा म्हणतात.

१८०८ च्या सुमारास विसर सुरू झाला. हुकूम द्यायचा आणि लगेच त्याच्या उलट हुकूम द्यायचा. आणि मग माल्कमच्या हकिगतीतली ती गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते : यशवंतरावांना स्वतःलाच हे जाणवलं होतं. आपण आत्ता बोललेलं पुढच्या क्षणी आठवत नाही, हे त्यांनी कारभाऱ्याला सांगितलं आणि औषध मागितलं. एवढा दरारा असलेला माणूस, आणि तो मदत मागत होता.

तुमच्या घरीही असा क्षण येऊ शकतो. तो फार साध्या शब्दांत येतो. जेवताना मध्येच म्हणेल, डोकं ठिकाणावर नाही. किंवा नुसतं, झोप येत नाही गं. त्या वेळी ‘काही नाही होत, देवावर विश्वास ठेवा’ म्हणून विषय झाकू नका, आणि प्रश्नांची सरबत्तीही करू नका. किती दिवसांपासून होतंय, एवढं विचारा. उद्या दोघं जाऊ, मी बरोबर येते, असं म्हणा. ‘मानसिक’ हा शब्द त्याला टोचत असेल तर झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू म्हणा. हे खोटं नाही, उपचार बहुतेक वेळा झोपेपासूनच सुरू होतात. सीमेवर काय घडलं ते खोदून विचारू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा ऐका, नसेल तर त्या गोष्टी तुम्हाला माहीत असायलाच हव्यात असं नाही.

यशवंतरावांना औषध मिळालं, वैद्य झाले, पण उपयोग झाला नाही. एका रात्री जनानखान्यात हाहाकार उडाला, बायका घाबरून बाहेर आल्या. त्यांना पकडून दोरांनी बांधण्यात आलं. अनेक माणसांची ताकद लागली. मग एका तंबूत पहाऱ्यात ठेवलं. काही काळ उग्रपणा टिकला, नंतर तो ओसरला आणि माणूस गप्प झाला. दुधावर ठेवलं होतं. बोलणं नाही, ओळख नाही. अशा अवस्थेत ते ऑक्टोबर १८११ मध्ये भानपुऱ्यालाच वारले.

डॉक्टर इथे काय काय शोधेल ते सांगतो, कारण तुमच्या पतीच्या बाबतीतही हेच शोधलं जाईल. लढाईचा आघात तर आहेच. पण झोप न लागता अफाट उत्साह, मोठमोठ्या योजना आणि चिडचिड हे उन्मादाचं, म्हणजे मेनियाचंही चित्र असतं. फार दारू पिणाऱ्याला बी-१ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने विसर पडतो आणि दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत भ्रम आणि झटके येऊ शकतात. बंदूक फुटून डोळा गेला तेव्हा मेंदूला मार बसला होता का, हाही प्रश्न. त्या काळात मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशाने माणसं अशीच वेडी होत, आज पेनिसिलिनने तो बरा करता येतो. मेंदूतला रक्तस्राव किंवा गाठही असू शकते. शेवटच्या मौनालासुद्धा आज काही रुग्णांत कॅटाटोनिया असं निदान होतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

म्हणून ‘फौजेचा ताण आहे, सुट्टीत राहील तर बरा होईल’ असं घरीच ठरवून मोकळं होऊ नका. स्फोटाजवळ असलेल्या जवानाला बाहेरून ओरखडा नसतानाही मेंदूला इजा झालेली असू शकते. डोकेदुखी, प्रकाश सहन न होणं, शब्द न आठवणं ही लक्षणं डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायरॉइड, साखर, बी-१२, यकृत यांच्या साध्या रक्त तपासण्या भंडाऱ्यातच होतात. गरज पडली तर एमआरआय.

दारूबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली रागाच्या भरात एका दिवसात बंद करू नका. हात थरथरणं, घाम, भास, झटके यांनी जीव जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. दारूबरोबर त्या घातक ठरतात, शिवाय पीटीएसडीत या गोळ्यांचा दीर्घकाळ उपयोगही होत नाही. ज्यांचा उपयोग होतो ती औषधं वेगळी आहेत, सर्ट्रालिनसारखी. त्यांची सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याच्या जोडीला आघातावर केंद्रित समुपदेशन असतं. त्यात प्रशिक्षित तज्ज्ञाबरोबर ती आठवण थोडी थोडी हाताळायला शिकवतात. पहिल्या काही भेटींनंतर माणूस जास्त अस्वस्थ वाटू शकतो. तेवढ्यावरून उपचार सोडू नका, डॉक्टरांना सांगा.

दोरांविषयी बोलायलाच हवं. १८०८ मध्ये त्या घराकडे दुसरा उपाय नव्हता. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी आहे, मग ते कुठलंही ठिकाण असो. तरी काही घरांत माणसाला खोलीत कोंडतात, नाहीतर मांत्रिकाकडे नेऊन खांबाला बांधतात. आवरत नसेल तर ११२ ला फोन करा किंवा सरकारी रुग्णालयात न्या. तिथे एका इंजेक्शनने जे साधतं ते दोराने साधत नाही.

उग्रपणा ओसरून माणूस गप्प झाला की घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. यशवंतरावांच्या तंबूबाहेरच्या लोकांनाही कदाचित तसंच वाटलं असेल. पण भांडणारा माणूस अचानक शांत होणं, वस्तू वाटून टाकणं, कागदपत्रं आवरणं, माझ्यामागे तुम्ही सुखात राहाल असं बोलणं, ही आत्महत्येच्या विचारांची लक्षणं असू शकतात. सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरात धानासाठी आणलेली फवारणीची औषधं असतील तर ती कुलूपबंद करा किंवा शेजारी ठेवा. निवृत्तीनंतर सिक्युरिटीच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक असेल तर ती काही काळ पोलिस ठाण्यात जमा करता येते.

आता तुळसाबाईंविषयी. त्या यशवंतरावांच्या पत्नी. नवरा तंबूत, वारस मल्हारराव दोन-तीन वर्षांचा आणि तोही सवतीचा, फौजेचा पगार थकलेला, सरदार एकमेकांवर टपलेले. अशा वेळी त्यांनी कारभार हाती घेतला आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतरही चालवला. माल्कमने त्यांना क्रूर आणि लहरी ठरवलं, नंतरच्या अनेकांनी तेच गिरवलं. त्या कशा होत्या ते इतिहासकारांनी ठरवावं. मला दिसते ती एक बाई, जिने तीन वर्षं न बोलणाऱ्या नवऱ्याच्या शेजारी राहून सगळं ओढलं, आणि जिची त्या काळात झोप कशी होती, भीती किती होती, हे एकाही कागदात नाही. २० डिसेंबर १८१७ ला, महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, इंग्रजांशी संधान असल्याच्या संशयावरून त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी क्षिप्रेच्या काठी त्यांना ठार केलं.

ओपीडीत पतीबरोबर आलेल्या बाईला मी शेवटी एक प्रश्न विचारतो : तुम्ही जेवता कधी? बहुतेकींना उत्तर देता येत नाही. सहा महिने नवऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत जगणाऱ्या बायकोची झोप आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. तिलाही नैराश्य येतं, मुलांच्या शाळेतून तक्रारी येऊ लागतात. तुमची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. माहेरच्या किंवा सासरच्या एका तरी माणसाला खरं काय ते सांगा. एकटीने झाकत राहिलात तर मदत येणार कुठून?

आणि त्याने हात उचलला तर? आजार हे कारण असू शकतं, परवानगी नाही. मुलांना घेऊन काही दिवस माहेरी जाणं म्हणजे संसार मोडणं नव्हे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. घर सोडतानाही त्याला एवढंच सांगा की उपचार सुरू कर, मी सोबत आहे.

रोजच्या काही बारीक गोष्टींनी फरक पडतो. झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका, पायथ्याशी थोडं लांब उभं राहून नावाने किंवा नेहमीच्या हाकेने उठवा. दिवाळीत फटाके केव्हा वाजणार ते आधी सांगून ठेवा, आणि त्या वेळी गावाबाहेर शेतावर जाता आलं तर उत्तम. मुलांना सांगा की बाबांना बरं नाही, चूक तुमची नाही.

सेवेत असलेले जवान डॉक्टरांकडे जायला कचरतात, कारण मेडिकल कॅटेगरी खाली जाईल ही भीती असते. ती अगदीच निराधार नाही, काही काळ शस्त्राची ड्युटी बंद होऊ शकते. पण ज्याला झोप नाही आणि ज्याचे हात थरथरतात त्याच्या हातात शस्त्र असणं त्याच्यासाठी आणि सोबत्यांसाठीही धोक्याचं आहे. शिवाय पुढे अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला तर सेवेत असतानाच्या उपचारांची नोंद उपयोगी पडते. परस्पर खासगीत दाखवून कागद फाडून टाकले तर हाती काही उरत नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या कुटुंबांनी सुरुवात जिल्हा सामान्य रुग्णालयातून करावी, तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा असते. पुढची गरज पडली तर नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सेवेतल्या जवानांसाठी कामठीला लष्करी रुग्णालय, माजी सैनिकांसाठी ईसीएचएस. कागदपत्रांची अडचण असेल तर भंडाऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता. पहिल्या भेटीला जाताना डिस्चार्जचे जुने कागद, चालू असलेली सगळी औषधं आणि एका कागदावर ‘बदल केव्हापासून दिसला’ ते तारखांसह लिहून न्या. तो कागद तुम्हीच लिहा, त्याला लिहायला लावू नका.